जळून जाणाऱ्या उपग्रहांचा हिशेब : वायासॅट विरुद्ध एफसीसी, एक प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०२२ मध्ये सोळा दिवसांच्या अंतराने स्टारलिंकबद्दल, म्हणजे स्पेसएक्स कंपनीच्या उपग्रह इंटरनेट सेवेबद्दल, अमेरिकेत दोन निर्णय आले. १० ऑगस्टला तिथल्या संघीय दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, ग्रामीण भागात इंटरनेट पोहोचवण्यासाठी स्पेसएक्सला देऊ केलेलं ८८ कोटी ५५ लाख डॉलरचं अनुदान नाकारलं. २६ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या फेडरल अपील न्यायालयाने वायासॅट या प्रतिस्पर्धी कंपनीचं अपील फेटाळलं आणि त्याच स्टारलिंकच्या उपग्रहांना एफसीसीने दिलेली परवानगी कायम ठेवली. पहिल्या निर्णयाआधी आयोगाने अपलोडचा वेग आणि डिशची किंमतसुद्धा तपासली होती. दुसऱ्या प्रकरणात पर्यावरणाचा औपचारिक अहवाल मागवलाच गेला नव्हता, आणि भांडण नेमकं त्याच्यावरूनच होतं.

गावाला इंटरनेट हवं, हे खरं. उपग्रह जळून जाताना वातावरणात धातू सोडतात, हेही खरं. पण या दोन्ही गोष्टी एकत्र मांडून कोणी निर्णय घेतलाय, असं या सगळ्या प्रकरणात एकदाही घडलं नाही. तसं होऊ न देणारी व्यवस्था कशी चालते, हे समजून घ्यायला हा खटला फार उपयोगी आहे.

गरज कुठून आली

अमेरिकेच्या ग्रामीण भागात पूर्वी उपग्रहाचं इंटरनेट नव्हतं असं नाही. वायासॅट आणि ह्यूजनेट या कंपन्या वर्षानुवर्षं ते विकत होत्या. त्यांचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तिथून पृथ्वीचा मोठा भाग एका उपग्रहात दिसतो, म्हणून उपग्रह थोडे पुरतात. पण संदेश वर जाऊन खाली यायचा आणि उत्तरही त्याच वाटेने परतायचं, यात अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. ईमेलला हे चालतं. व्हिडिओवर शिकवणाऱ्या बाईंना मुलगा उत्तर देतोय आणि बाई तोवर पुढच्या प्रश्नावर गेल्यात, तिथे चालत नाही.

स्टारलिंकने उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास आणले आणि हा विलंब मिलिसेकंदांत दोन आकड्यांवर उतरवला. २०२०च्या शरद ऋतूत, कोविडच्या ऐन काळात, वॉशिंग्टन राज्यातल्या होह या छोट्या आदिवासी जमातीला ही सेवा मिळाली. त्यांचं गाव पॅसिफिकच्या किनारी जंगलात आहे. मुलांची ऑनलाइन शाळा आणि डॉक्टरांचा दूरस्थ सल्ला, दोन्ही तिथे शक्य झालं. त्याच राज्यात सप्टेंबरच्या वणव्यात जळालेल्या माल्डन गावातही आपत्ती व्यवस्थापनाच्या लोकांनी स्टारलिंकच्या डिश लावल्या. स्टारलिंक हा श्रीमंतांचा छंद आहे, अशी टीका करणाऱ्यांनी ही दोन उदाहरणं बाजूला सारू नयेत.

डिसेंबर २०२० मध्ये एफसीसीने ग्रामीण इंटरनेटच्या अनुदानाचा लिलाव जाहीर केला. एकूण रक्कम सुमारे ९२० कोटी डॉलर. स्पेसएक्सच्या वाट्याला ३५ राज्यांतली साधारण ६ लाख ४२ हजार ठिकाणं आली. त्याच महिन्यात वायासॅटने एफसीसीकडे अर्ज केला: स्टारलिंकची पर्यावरण तपासणी करा.

कक्षा खाली आणण्याची गोष्ट

एफसीसीने २०१८ साली स्पेसएक्सला ४,४२५ उपग्रहांची पहिली परवानगी दिली, तेव्हा बहुतेक उपग्रह १,१०० ते १,३०० किलोमीटर उंचीवर ठेवायचे ठरले होते. पुढे कंपनीने टप्प्याटप्प्याने बदल मागितले. २७ एप्रिल २०२१ रोजी आयोगाने उरलेले सुमारे २,८०० उपग्रहही ५४० ते ५७० किलोमीटरवर आणायला मान्यता दिली. वायासॅट न्यायालयात गेली ती या आदेशाविरुद्ध.

या बदलामागची कारणं पटण्यासारखी होती. उपग्रह जितका खाली, तितका विलंब कमी आणि ग्राहकाच्या डिशला सिग्नल चांगला. कक्षांची नवी मांडणी अलास्कासारख्या उत्तरेकडच्या प्रदेशालाही सोयीची होती. त्याहून मोठा मुद्दा अवकाश कचऱ्याचा. १,१०० किलोमीटरवर उपग्रह बंद पडला तर तो शतकानुशतकं फिरत राहतो. ५५० किलोमीटरवर हवेचा विरळ थर त्याला हळूहळू ओढतो, आणि काही वर्षांत तो स्वतःच खाली येऊन जळतो. इतक्या खालच्या कक्षेत हवेचा जोर किती असतो, हे फेब्रुवारी २०२२ मध्ये दिसलं. सूर्याकडून आलेल्या चुंबकीय वादळाने वरचं वातावरण फुगलं आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी जवळपास ४० परत खाली खेचले गेले. ते तेव्हा २१० किलोमीटरच्या तात्पुरत्या कक्षेत होते.

म्हणजे कक्षा खाली आणणं हा कचऱ्यावरचा उपाय होता आणि तो चांगला होता. पण त्या उपायाचाच अर्थ असा, की साधारण पाच वर्षांनी अख्खा ताफा वातावरणात जाळायचा आणि त्याच्या जागी नवा सोडायचा. कचरा अवकाशातून काढून हवेत टाकला गेला. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, आणि निकालपत्रात नेमका तोच सापडत नाही.

१९८६ची सूट

अमेरिकेचा राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा, ज्याला तिकडे ‘नेपा’ म्हणतात, १ जानेवारी १९७० रोजी लागू झाला. सरकारी खात्याने मोठा निर्णय घेण्याआधी त्याचा पर्यावरणावरचा परिणाम तपासून लिहून काढावा, एवढीच त्याची मागणी. निर्णय अमुकच घ्या, असं तो सांगत नाही. ज्या कामांचा परिणाम नगण्य असतो, त्यांना खातं सरसकट सूट देऊ शकतं.

एफसीसीने १९८६ मध्ये आपली जवळजवळ सगळीच कामं या सुटीत टाकली. अपवाद मोजके ठेवले: दलदलीच्या जमिनीवर किंवा ऐतिहासिक वास्तूंजवळ उभे राहणारे मनोरे, ठरावीक पातळीपेक्षा जास्त रेडिओ लहरी. त्या यादीत एक मजेशीर कलमही आहे. लोकवस्तीत उभ्या राहणाऱ्या मनोऱ्यावर प्रखर पांढरा दिवा असेल, तर पर्यावरण तपासणी करावी लागते. एका मनोऱ्यावरच्या दिव्याला तपासणी, आणि रात्रीच्या आकाशात चमकत फिरणाऱ्या हजारो उपग्रहांना सूट! नियम करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. १९८६ साली एका कंपनीचे हजारो उपग्रह ही कल्पनाच कोणापुढे नव्हती. प्रश्न आहे तो पुढच्या पस्तीस वर्षांत नियम जागचा का हलला नाही, हा.

सुटीलाही एक खिडकी आहे. एखाद्या प्रकरणात परिणाम मोठा होऊ शकतो असं कोणी कारणांसह दाखवलं, तर आयोगाने तपासणी मागवावी, असं नियमच म्हणतो. वायासॅटने ही खिडकी ठोठावली. तिचे मुद्दे चार: रॉकेटचा धूर, जळणाऱ्या उपग्रहांतून निघणारं ॲल्युमिनियम ऑक्साइड, खाली पडणारे तुकडे, आणि आकाशातला उजेड. नेपा अवकाशाला लागू होतो की नाही हे आयोगाने ठरवलंच नाही. लागू होतो असं धरून चाललं, तरी तपासणीची गरज सिद्ध झालेली नाही, असं म्हणून त्याने खिडकी लावून घेतली. रॉकेटचं उड्डाण हे विमान वाहतूक प्रशासनाचं काम, असंही म्हटलं. ते खरंच त्यांचं काम आहे. पण ते एकेका उड्डाणाकडे आणि तळाकडे पाहतात. उपग्रह पाच वर्षांनी जळतो, तेव्हा त्याच्याकडे पाहणारं खातं कोणतं, याला उत्तर नाही.

वर काय घडतं

वायासॅटचा अर्ज आला तेव्हा या विषयावर पुरावा कमी होता, हे आयोगाच्या बाजूने म्हटलं पाहिजे. पुढच्या तीन वर्षांत मात्र तो भराभर जमला.

मे २०२१ मध्ये, परवानगीनंतर महिनाभरातच, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे ॲरन बोली आणि मायकेल बायर्स यांचा लेख आला. त्यांचा हिशेब सरळ होता. १२,००० उपग्रह, प्रत्येकी साधारण २६० किलो, आयुष्य पाच वर्षं. म्हणजे रोज सरासरी दोन टन उपग्रह वातावरणात शिरणार. उल्का तर रोज ५४ टन येतातच, मग दोन टनांचं काय कौतुक? फरक मालाचा आहे. उल्कांमध्ये मुख्यतः ऑक्सिजन, सिलिकॉन, मॅग्नेशियम असतं. उपग्रह बनतात मुख्यतः ॲल्युमिनियमचे. नेमक्या या एका धातूच्या बाबतीत माणूस निसर्गाला मागे टाकू शकतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रत्यक्ष मोजमाप हाती आलं. अमेरिकेच्या हवामान संस्थेच्या, म्हणजे नोआच्या, शास्त्रज्ञांनी अलास्कावरून खूप उंच उडणाऱ्या संशोधन विमानातून स्थितांबरातले, म्हणजे ओझोन असलेल्या वरच्या थरातले, कण तपासले. गंधकाम्लाच्या मोठ्या कणांपैकी सुमारे १० टक्के कणांत ॲल्युमिनियमसह असे धातू सापडले, जे उपग्रह आणि रॉकेटच्या जळण्यातूनच येऊ शकतात. लिथियम, ॲल्युमिनियम, तांबं आणि शिसं या चार धातूंच्या बाबतीत तर अवकाशयानांचा वाटा उल्कांच्या धुळीहून जास्त निघाला. पुढच्या काही दशकांत १० टक्क्यांचे ५० टक्के होऊ शकतात, असा त्यांचा अंदाज आहे.

जून २०२४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने गणनेतून दाखवलं, की २५० किलोचा एक उपग्रह जळताना सुमारे ३० किलो ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण सोडतो. हे कण ओझोनच्या थरापर्यंत उतरायला तीस वर्षंही लागू शकतात. ओझोन फोडणाऱ्या क्लोरीनच्या क्रियेत ॲल्युमिनियम ऑक्साइड उत्प्रेरकाचं काम करतं: क्रिया घडवतं, पण स्वतः खर्च होत नाही. म्हणून थोडा माल पुष्कळ काळ काम करू शकतो. ओझोनला घातक रसायनांवर बंदी आणणाऱ्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनचा थर सावरतोय, अशा वेळी ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. प्रत्यक्ष नुकसान किती होईल, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. पण तीस वर्षांच्या उशिरामुळे ‘नुकसान दिसलं की थांबू’ हा मार्ग बंद होतो. ते दिसेल तेव्हा तीस वर्षांचा माल वर लटकलेला असेल.

रॉकेटचा धूर हा वेगळा हिशेब. स्टारलिंकचे उपग्रह वर नेणारं स्पेसएक्सचं फाल्कन ९ रॉकेट केरोसीनच्या जातीचं इंधन जाळतं आणि त्याची काजळी थेट स्थितांबरात जाते, जिथे पाऊस तिला धुऊन काढत नाही. ग्राहकामागे कार्बन मोजणाऱ्या अभ्यासांतही कमी उंचीच्या उपग्रहांची जाळी मोबाइलच्या जाळ्याहून बरीच महाग पडते.

आणि ‘पूर्ण जळून जातो, खाली काही पडत नाही’ या दाव्याचं काय झालं? २०२४ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका शेतात स्टारलिंक उपग्रहाचा अडीच किलोचा ॲल्युमिनियमचा तुकडा सापडला. कंपनीने नंतर तो आपलाच असल्याचं मान्य केलं. शेतकऱ्याला सेवाही वरूनच आणि भंगारही वरूनच.

प्रश्न बरोबर, विचारणारा चुकीचा

वायासॅटला पर्यावरणाचा पुळका आला होता, असं तिच्या मित्रांनाही वाटलं नसेल. स्टारलिंक तिचं ग्रामीण गिऱ्हाईक पळवत होती आणि पर्यावरणाचा कायदा ही हाताशी आलेली काठी होती. न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं. स्पर्धेत होणारं नुकसान हे नेपाच्या संरक्षणाच्या कक्षेत येत नाही. स्टारलिंकचे उपग्रह आमच्या उपग्रहाला धडकू शकतात, हा दुसरा मुद्दाही फारच दूरच्या शक्यतेवर बेतलेला ठरला. तेव्हा वायासॅटला दाद मागण्याचा अधिकारच नाही. पर्यावरण तपासणी हवी होती की नको, या प्रश्नात न्यायालय शिरलं नाही.

कायद्याच्या चौकटीत हा निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. पण मग योग्य अर्जदार कोण? ओझोनचं नुकसान तीस वर्षांनी सगळ्यांचं होणार. आज अमुक माणसाचं अमुक नुकसान झालं, असं दाखवणारा कोण सापडणार? आपल्याकडे जनहित याचिकेमुळे हा उंबरठा बराच खाली आहे. अमेरिकेच्या फेडरल न्यायालयात तो उंच आहे, आणि हवेसारखी सगळ्यांची गोष्ट तिथेच अडखळते.

निकालाच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, जीएओने, म्हणजे अमेरिकी संसदेसाठी सरकारचं कामकाज तपासणाऱ्या संस्थेने, एफसीसीला सांगितलं की उपग्रहांच्या मोठ्या ताफ्यांना १९८६ची सूट लागू करावी का, हे तुम्ही तपासून नोंदवलेलंच नाही. आता ते करा. एफसीसीने शिफारस मान्य केली. आणि लगेच १ डिसेंबरला स्टारलिंकच्या दुसऱ्या पिढीतल्या ७,५०० उपग्रहांना मंजुरी दिली. कंपनीने मागितले होते २९,९८८. या मंजुरीविरुद्ध रात्रीच्या अंधाराचं रक्षण करू पाहणारी इंटरनॅशनल डार्क-स्काय असोसिएशन न्यायालयात गेली. या वेळी विचारणारा प्रतिस्पर्धी नव्हता. जुलै २०२४ मध्ये तीही हरली. एफसीसीने दिलेली कारणं न्यायालयाला पुरेशी वाटली. ऑगस्ट २०२५ मध्ये एफसीसीने नेपाचे आपले नियम बदलण्याचा प्रस्ताव मांडला. त्याचा रोख सूट कमी करण्याकडे नाही. अवकाशातली कामं या कायद्याच्या पूर्ण बाहेरच धरावीत का, असं त्यात विचारलं आहे.

मधल्या काळात, सप्टेंबर २०२२ मध्ये, आयोगाने आणखी एक नियम केला: खालच्या कक्षेतला उपग्रह काम संपल्यावर पाच वर्षांत खाली आणायचा. पूर्वी ही मुदत पंचवीस वर्षांची होती. अवकाश कचऱ्याच्या दृष्टीने नियम उत्तम. जाळण्याचा वेग त्याने वाढणार, याचा हिशेब मात्र पुन्हा कोणाच्याच वहीत नाही. जानेवारी २०२५ या एका महिन्यात सुमारे १२० स्टारलिंक उपग्रह वातावरणात जळाल्याची नोंद खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी केली. सरकारी खातं नव्हे, उपग्रहांची मोजदाद ठेवणारा एक माणूस ही नोंद करतो!

आता अनुदानाकडे परत येऊ. तिथे हाच आयोग किती काटेकोर होता, पाहा. स्पेसएक्सने १०० मेगाबिट डाउनलोड आणि २० मेगाबिट अपलोडचं वचन दिलं होतं. आयोगाने २०२१ची अखेर ते २०२२चा मध्य या काळातली वेगाची आकडेवारी काढली आणि वेग घसरतोय, अपलोड २०च्या खाली आहे, हे दाखवलं. ग्राहकाला डिशसाठी ६०० डॉलर मोजावे लागतात, हेही लिहिलं. डिसेंबर २०२३ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी हा नकार कायम झाला. या नकारावरही वाद आहे. मुदत २०२५ची असताना २०२२चा वेग का मोजता, हा विरोधी सदस्यांचा आक्षेप मला बिनबुडाचा वाटत नाही. मात्र यातून एक दिसलं: तपासायची इच्छा असली, की आयोगाकडे पद्धतही असते आणि माणसंही.

महाराष्ट्राशी संबंध

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या; असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. सुरुवात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम या जिल्ह्यांतून, नव्वद दिवसांच्या प्रायोगिक टप्प्याने. नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत, ते हेच.

भामरागडचा रस्ता पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरात तुटतो. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. तिथे उपग्रह हवाच, आणि त्यावर वाद घालण्यात मला रस नाही. पण वाशीम आणि धाराशिव? ते मागास आहेत, दुर्गम नाहीत. तिथे जमीन सपाट आहे, रस्ते आहेत. भारतनेट या सरकारी योजनेची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत चालू ठेवणं हा निगराणीचा प्रश्न आहे, भूगोलाचा नाही. फायबर एकदा पुरली की दशकानुदशकं चालते. उपग्रह पाच वर्षांनी जाळायचा असतो. दारिद्र्याच्या यादीवरून उपग्रहाचे जिल्हे निवडले, की हा फरक नजरेआड होतो.

भारत यात नुसता गिऱ्हाईकही नाही. वनवेब या स्टारलिंकसारख्याच कंपनीचे ७२ उपग्रह ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून आपल्याच एलव्हीएम-३ रॉकेटने गेले. भारताने २०३० पर्यंत कचरामुक्त अवकाश मोहिमांचं उद्दिष्ट ठेवलं आहे, पण त्यातही कचरा म्हणजे कक्षेतला. २००६च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या परिशिष्टात खाणी आहेत, बंदरं आहेत, रस्ते आहेत. उपग्रहांचा ताफा नाही. म्हणजे आपल्याकडे याचिका दाखल होईल, पण ती टेकायला नियम नाही.

किमतीत फरक करणं मात्र आपल्या नियामकाला जमतं. मे २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, उपग्रह इंटरनेटच्या स्पेक्ट्रमसाठी (रेडिओ लहरींच्या वापरासाठी) कंपनीच्या समायोजित महसुलाच्या ४ टक्के शुल्क सुचवलं आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा. ग्रामीण ग्राहकाला ते माफ. याच धर्तीवर परवान्यात उपग्रहाच्या वजनाची आणि धातूची अट घालता येईल. माहिती नाही, ही सबब चालणार नाही. किती उपग्रह कक्षेतून उतरवले आणि धडक टाळायला किती वेळा मार्ग बदलले, याचा अहवाल स्पेसएक्स एफसीसीला दर सहा महिन्यांनी देतेच. त्याच तक्त्यात दोन रकाने वाढवायचे आहेत: जळालेल्या उपग्रहांचं एकूण वजन, आणि त्यातलं ॲल्युमिनियम.